फॉल्स सिलिंगच्या वर वायरी नुसत्या पडल्यात, दर किती फुटांवर क्लिप मारायची?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशकात कॉलेज रोडला दुसऱ्या मजल्यावर तुमचं भाड्याचं ऑफिस आहे, एसीचं पाणी गळतंय म्हणून सिलिंगची टाइल उचलली तर वर वायरींचा गुंता दिसला, काही वायरी सरळ टाइलवर पडलेल्या, काही सिलिंग ज्या तारांनी टांगलंय त्याच तारांना केबल टायने बांधलेल्या, इंटरनेटच्या केबल्सही त्यातच. ज्या इलेक्ट्रिशियनने काम केलं तो म्हणतो "सगळीकडे असंच असतं मॅडम, इतकी वर्षं काही झालं का?" आणि तुम्ही विचारताय की दर किती फुटांवर क्लिप मारून घेऊ म्हणजे सेफ होईल.

अंतर सांगतो, पण खरा मुद्दा अंतराचा नाहीये. खरा मुद्दा हा की त्या केबल्सचं वजन शेवटी कुणाच्या अंगावर आहे. आत्ता ते सिलिंगच्या अंगावर आहे, आणि यायला पाहिजे स्लॅबच्या अंगावर. एवढं एक पक्कं धरलंत की बाकीचे निर्णय आपोआप सुटत जातात. दर फुटाला क्लिप मारली पण ती क्लिप सिलिंगच्या टी-सेक्शनला (टाइल ज्यावर टेकतात त्या पट्टीला) मारली तर काम वाया गेलं, आणि दोन क्लिपांमध्ये थोडं जास्त अंतर आहे पण प्रत्येक क्लिप स्लॅबला मेटल अँकरने (भोकात आवळून बसणाऱ्या बोल्टने) धरलीय तर मी शांत झोपेन.

नाशकात ऑफिसांची कामं मी बरीच वर्षं करतोय, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स आहे, आणि "सगळीकडे असंच असतं" हे तो खोटं बोलत नाहीये. खूप ठिकाणी असंच असतं. कारण साधं आहे, आपल्याकडे वायरिंगचा रेट पॉइंटवर ठरतो. एका पॉइंटमागे पाइप, वायर, बॉक्स, मजुरी सगळं आलं. भिंतीतला पाइप दिसतो म्हणून तो टाकावाच लागतो, सिलिंगच्या वरचा कुणी बघत नाही म्हणून तिथे पाइप, सॅडल (पाइप धरणारी पट्टी), हॅमर मशीनची मेहनत सगळं गायब करता येतं आणि पॉइंटचा रेट तोच राहतो. वायरमनची पोरंही काय करणार, इंटिरियरवाला उद्या सिलिंग बंद करायचं म्हणून डोक्यावर बसलेला असतो.

आणि "काही झालं नाही" याचं पण कारण आहे. नुसती पडलेली वायर शांत असते. तिला त्रास द्यायला दुसरं कुणीतरी यावं लागतं, म्हणजे एसीवाला, सीसीटीव्हीवाला, उंदीर, स्लॅबची गळती, नाहीतर आग. तुमच्याकडे एसीवाला आणि पाणी दोन्ही आधीच आलेत, म्हणून मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही.

आता वजनाचं बघू. लोक म्हणतात वायरीला असं काय वजन असतं. नेटच्या कॅट सिक्स केबलचा ३०५ मीटरचा बॉक्स साधारण १२ किलोचा असतो, म्हणजे मीटरला ४० ग्रॅमच्या आसपास. एक केबल काहीच नाही. पण तुमच्याकडे चोवीस टेबलं असतील आणि चोवीस केबल्स एका गठ्ठ्यात सर्व्हर रॅककडे जात असतील तर मीटरला जवळपास एक किलो झाला, दहा मीटरच्या पॅसेजवर नऊ-दहा किलो. त्यात लाइटच्या आणि एसीच्या पॉवरच्या वायरी मिळवा. २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीत नुसतं तांबंच मीटरला २२ ग्रॅम असतं, वर इन्सुलेशन, आणि एका सर्किटला अशा तीन. दोन फूट बाय दोन फुटाची टाइल ज्या टी-सेक्शनवर टेकलेली असते तो पातळ पत्रा असतो, त्याची मेन टी साधारण १२०० एमएमवर एका तारेने टांगलेली, आणि ती तार धरली आहे टाइलचं, फार तर लाइटचं वजन मोजून. सिलिंगवाल्याने तुमच्या केबलचं वजन कधी धरलेलंच नसतं. मग हळूहळू तारेची उंची धरणारी लेव्हल क्लिप सरकते, सिलिंगला पोट येतं, टाइलच्या कडेला फट दिसायला लागते, आणि आपण सिलिंगवाल्याला शिव्या घालतो.

पण पोट येणं ही किरकोळ गोष्ट. मला जास्त काळजी धारेची असते. टी-सेक्शन आणि जिप्समचे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) चॅनल कटरने कापतात, कापलेली कड ब्लेडसारखी असते. त्यावर वायर टेकलेली, एसीच्या डक्टचं व्हायब्रेशन चालू, वर्षानुवर्षं घासतंय. एक दिवस इन्सुलेशन कापलं गेलं की फेज, म्हणजे करंट असलेली वायर, त्या पत्र्याला लागतो, आणि ग्रिड, म्हणजे टी-सेक्शनची जाळी, एकमेकांत अडकवलेली असते म्हणून एका कोपऱ्यातला फॉल्ट बऱ्याच भागात पसरू शकतो. ग्रिडला अर्थिंग नसेल तर एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट परत जायला रस्ताच नाही. रस्ता मिळतो तो शिडीवर चढून दोन्ही हातांनी ग्रिड धरणाऱ्या माणसाला. म्हणून सगळ्यात आधी हे बघा की तुमच्या डीबीत (सगळ्या स्विचांच्या मेन डब्यात) ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) आहे का, आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो का. हे तुम्ही स्वतः आजच करू शकता, फक्त कॉम्प्युटर आधी बंद करा.

दुसरी गोष्ट आगीची. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला २०१० साली एका उंच इमारतीत आग लागली, त्यात दोन फायर फायटर गेले. प्लास्टिकच्या पट्टीत आणि क्लिपांवर धरलेल्या केबल्स उष्णतेने सुटून खाली लोंबल्या आणि ते त्यात अडकले. त्याआधी २००५ मध्ये स्टीव्हनेजलाही अशाच प्रकारात दोघे गेले होते. त्यानंतर तिकडच्या वायरिंगच्या नियमांत २०१५ साली बाहेर पडायच्या मार्गांसाठी आणि २०१८ च्या आवृत्तीत सगळ्या इन्स्टॉलेशनसाठी अट आली की आग लागल्यावर केबल लगेच कोसळणार नाही असाच आधार पाहिजे, म्हणजे प्लास्टिकची क्लिप, टाय किंवा ट्रंकिंग हा एकटाच आधार चालणार नाही. आपल्याकडे नॅशनल बिल्डिंग कोडच्या आगीच्या भागात याहून सरळ लिहिलंय की फॉल्स सिलिंगमधलं वायरिंग मेटल कंड्युटमधून न्यावं. तुमच्या ऑफिसचा तो पॅसेज, जिथून दहा-पंधरा माणसं धुरात वाकून जिन्याकडे जाणार, त्याच्या डोक्यावर जे काही आहे ते माझ्या मते धातूनेच धरलेलं असलं पाहिजे, यावर मी गिऱ्हाइकाशी घासाघीस करत नाही.

आता कशाने धरायचं. हे तुमच्या स्लॅबवर अवलंबून आहे आणि तुम्ही ते लिहिलेलं नाही. साधा आरसीसी स्लॅब असेल तर सोपं, हॅमर मशीनने भोक, मेटल अँकर फास्टनर, त्यात थ्रेडेड रॉड. नवीन कमर्शियल कॉम्प्लेक्समध्ये कधीकधी पोस्ट-टेन्शन स्लॅब असतो, त्यात आत ताणलेल्या केबल्स असतात, तिथे बिल्डरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही भोक मारू देऊ नका, कितीही उशीर झाला तरी. वर टेरेस असेल आणि स्लॅब पावसात पाझरत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग अँकर, नाहीतर गंजलेल्या सळईत तुम्ही फास्टनर ठोकताय. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत शेडच्या आत जी ऑफिसं करतात तिथे तर स्लॅबच नसतो, तिथे पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला) बीम क्लॅम्प लावून रॉड सोडतो, पर्लिनला भोकं पाडत नाही, आणि पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये इतकं तापतं की वायरचा साइजच एक नंबर वर घ्यावा लागतो. तुमचं दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणजे बहुतेक साधा स्लॅब असेल असं धरून पुढचं लिहितो.

लाइटच्या सर्किटला मी स्लॅबच्या खालून पाइप सॅडलने मारून नेतो, सिलिंगची ग्रिड यायच्या आधी. पाइप लोखंडी असेल तर सॅडल एक मीटरच्या आत, आधीचा पीव्हीसी असेल तर साठ सेंटिमीटर, आणि बेंड किंवा बॉक्सच्या दोन्ही बाजूंना एक फुटाच्या आत एक सॅडल हवीच, कारण ताण तिथे येतो. पाइपातून जंक्शन बॉक्स, बॉक्सवर झाकण, आणि बॉक्सपासून लाइटपर्यंत छोटा फ्लेक्सिबल पाइप, जरा ढिला, म्हणजे लाइट खाली काढता येतो. हा शेवटचा तुकडा सोडून काहीही हवेत नको. लाइटचा ड्रायव्हरही (एलईडीला सप्लाय देणारा छोटा डबा) टाइलवर नुसता ठेवू नका, तो गरम होतो आणि त्याच्या कनेक्टरवर वायरचं ओझं येतं.

डीबीपासून जिथे आठ-दहा सर्किटं एकत्र निघतात तिथे पाइपांची गर्दी करण्यापेक्षा परफोरेटेड (भोकं असलेली) जीआय ट्रे घ्या, १०० किंवा १५० एमएम रुंद. रॉड दर दीड मीटरला, वळणाच्या आणि फाट्याच्या जवळ जास्तीचा सपोर्ट. ट्रेमध्ये केबल आडवी पडलेली असेल तर नायलॉनचा टाय चालतो, कारण वजन ट्रे घेतेय, टाय फक्त रांग धरतोय, तो वितळला तरी केबल ट्रेमध्येच राहते. पण ट्रे उभी उतरत असेल किंवा केबल ट्रेच्या खालच्या अंगाला बांधली असेल तर तिथे टाय हाच आधार झाला, तिथे स्टीलचा टाय किंवा मेटलचा क्लॅम्प. हा फरक इलेक्ट्रिशियनला समजावून सांगा, एकदा कळलं की तो स्वतःच बरोबर करतो. ट्रेमधून नेताना डबल इन्सुलेशनची म्हणजे शीथ असलेली केबल घ्या, सिंगल कोअरच्या सुट्या वायरी उघड्या ट्रेवर टाकू नका, त्यांना पाइप किंवा झाकणाचं ट्रंकिंग लागतं. आणि ट्रेला अर्थ जोडलाय का ते बघा, दोन तुकड्यांच्या जॉइंटवर तांब्याची पट्टी किंवा वायर बरेचजण विसरतात.

गठ्ठा फार घट्ट आणि जाड बांधू नका. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तक्त्याप्रमाणे सहा सर्किटं एकत्र गठ्ठ्यात असतील आणि सगळी पूर्ण लोडवर चालत असतील तर प्रत्येकाची करंट वाहायची क्षमता ५७ टक्क्यांवर येते. लाइटला याने फरक पडत नाही, लोड कमी असतो. एसीची सर्किटं मात्र दुपारी एकदमच चालतात, ती मी ट्रेमध्ये वेगळी, अंतर ठेवून पसरतो.

नेटच्या आणि कॅमेऱ्याच्या केबल्सचं गणित जरा वेगळं. तिथे शॉकची भीती कमी पण केबल नाजूक, जास्त ओढली किंवा टायने आवळली की आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो आणि स्पीड मार खातो, मग नेटवाला स्विच बदलतो, राउटर बदलतो, आणि दोष तसाच वर पडलेला. त्यांना रुंद तळाचे जे-हुक (इंग्रजी J च्या आकाराचे) लावा, हुक दर दीड मीटरला, त्याहून लांब नको, नाहीतर दोन हुकांमध्ये केबल झोळीसारखी लोंबते आणि सगळं वजन हुकाच्या कडेवर येतं. अगदी सारख्या मापाच्या अंतरावरही हुक नको, थोडं पुढेमागे असलेलं बरं असतं. बांधायला वेलक्रो. पॉवरच्या केबलपासून मी एक फूट लांब ठेवतो आणि जिथे ओलांडावीच लागते तिथे काटकोनात ओलांडतो. पॉवर आणि डेटा एकाच हुकात कधीच नाही.

आता तुमच्यासारख्या चालू ऑफिसात जिथे सिलिंग आधीच आहे आणि सगळं उघडणं शक्य नाही तिथे काय? तिथे एक मधला रस्ता आहे. केबलसाठी स्लॅबमधून वेगळी जाड जीआय तार किंवा रॉड सोडायचा, सिलिंगच्या तारेशी त्याचा काही संबंध नाही. अमेरिकेच्या कोडमध्ये हे स्पष्ट आहे, सिलिंगच्या तारा केबलला आधार म्हणून वापरता येत नाहीत, वेगळ्या तारा सोडल्या तर त्या दोन्ही टोकांना पक्क्या धरायच्या, आणि त्या रंगाने किंवा टॅगने वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. मीही अशा तारेला पिवळा टेप गुंडाळतो, म्हणजे पुढचा माणूस ती सिलिंगची समजून कापत नाही. चार टाइल काढल्या की एक माणूस शिडीवरून दोन-तीन सपोर्ट मारू शकतो, असं शनिवार-रविवारी पट्ट्या-पट्ट्याने काम होतं. पीओपी किंवा जिप्समचं सलग सिलिंग असेल तर मात्र ट्रॅप डोअर काढावे लागतील, आणि ते काढाच, कारण त्याशिवाय एकही जॉइंट परत बघता येणार नाही.

जॉइंट. ताई, खरं सांगू का, तुम्ही सपोर्टबद्दल विचारलंत पण तुमचं सिलिंग मी उघडलं तर माझी नजर आधी काळ्या टेपकडे जाईल. लोंबणाऱ्या वायरीचं वजन आणि प्रत्येक माणसाने मारलेला धक्का शेवटी जातो तो जॉइंटवर. पिळून टेप मारलेला जॉइंट ढिला झाला की तिथे गरम होतं, टेपचा गम उन्हाळ्यात सुटतो, आणि खाली काय असतं तर धूळ, उंदरांनी आणलेली चिंधी-कागद. तिथे एमसीबीला काही कळत नाही कारण करंट नॉर्मलच असतो. म्हणून आधी जॉइंट, मग सपोर्ट. प्रत्येक जॉइंट बॉक्समध्ये, कनेक्टरने, बॉक्स स्लॅबला धरलेला, झाकण बंद.

तर क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी फक्त बघायचं, काही दुरुस्त नाही. मेन बंद करून, टेस्टरवर विश्वास न ठेवता मीटरने सप्लाय नाही हे बघून, मास्क लावून, डीबीच्या वर, पॅसेजमध्ये, पँट्रीच्या वर, प्रत्येक एसीजवळ आणि रॅकजवळ एकेक टाइल उचलायची आणि फोटो काढायचे. यूपीएसची लाइन मेन बंद केली तरी चालू असते, ती वेगळी बंद करा, हे लिहून ठेवा कारण हेच विसरतात. मग एसीची गळती थांबवा, ओल्या टाइल बदला. मग टेपचे जॉइंट. मग पॅसेजवरचे सपोर्ट. मग बाकी हॉल. डेटा केबल्स शेवटी केल्या तरी चालेल. काम झाल्यावर प्रत्येक सर्किटची मेगर टेस्ट (इन्सुलेशन किती पक्कं आहे ते मोजणारी) ५०० व्होल्टवर, कमीत कमी एक मेगाओहम यायला पाहिजे, चांगल्या वायरिंगला त्याहून कितीतरी जास्त येतो, आणि टेस्टच्या आधी लाइटचे ड्रायव्हर आणि कॉम्प्युटर काढून ठेवा नाहीतर ते जातील. हे काम परवाना असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच घ्या आणि मेगरचे आकडे सर्किटप्रमाणे कागदावर सहीने मागा.

उंदरांचं एक. कॉलेज रोडला खाली खाण्याची दुकानं आहेत अशा बिल्डिंगींमध्ये शाफ्टमधून उंदीर येतातच. सपोर्ट चांगला असला तरी उंदीर थांबत नाही, त्याला फक्त लोखंडी पाइप थांबवतो. शाफ्टमधून केबल जिथे आत येते ते भोक फायर सीलंटने बंद करा, त्याने धूरही अडतो. फोमचा डबा मारून जातात ते नको, साधा फोम पेटतो आणि उंदीर तो कुरतडतोही.

खर्च कुणाचा हे करारावर आहे. फिट-आउट, म्हणजे आतलं सिलिंग-वायरिंगचं काम, जागामालकाने करून दिलं असेल तर फोटो आणि कॉन्ट्रॅक्टरचा लेखी रिपोर्ट त्यांना द्या, बहुतेक मालक आगीचं नाव ऐकलं की निम्म्यावर तरी येतात. फिट-आउट तुम्हीच करून घेतलं असेल तर त्या इलेक्ट्रिशियनचं बिल काढून बघा, "पाइपसह पॉइंट वायरिंग" असं लिहिलेलं असेल आणि वर पाइपच नसेल तर त्याच्याशी बोलायला तुमच्याकडे कागद आहे. चिडून बोलू नका, त्याच्याकडूनच करून घेता आलं तर उत्तम, कारण कुठली वायर कुठे गेलीय हे त्याला माहीत आहे, फक्त यावेळी टाइल बंद करायच्या आधी तुम्ही स्वतः शिडीवर चढून बघायचं आणि शेवटचं पेमेंट त्यानंतर.

स्लॅब कुठला आहे, सिलिंगच्या वर स्लॅबपर्यंत किती जागा आहे आणि एसी डक्टवाला आहे की स्प्लिट, एवढं कळवा. डक्टवाला असेल आणि परतीची हवा सिलिंगच्या वरूनच ओढत असेल तर केबल हॅलोजन फ्री घ्यावी लागेल, कारण वर काही जळलं तर तोच धूर ब्लोअर थेट तुमच्या केबिनमध्ये आणून सोडतो, आणि मग ट्रे आणि पाइपचं मापही त्याप्रमाणे बदलेल.